ढोल-ताशा पथकाची तयारी गणपतीच्या आधी किती महिने सुरू होते? बिगरहंगामी सरावाचे गणित

गणेशोत्सवात ढोल-ताशा पथक दहा-अकरा दिवस दिसते. आगमनाची मिरवणूक, मधले एखाद-दोन कार्यक्रम आणि अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक, एवढाच त्याचा हंगाम. कोल्हापुरात या हंगामाची चाहूल शाहूपुरीत लागते. तिथल्या कुंभार गल्लीत गणेशमूर्ती घडतात आणि चतुर्थी जवळ आली की मंडळे वाजतगाजत मूर्ती न्यायला येतात. त्या दिवशी रस्त्यावर उतरलेले पथक ऐकले की ते किती दिवस वाजवत आहे, हे जाणकाराला दोन मिनिटांत कळते. ताशाच्या काड्या एकसारख्या पडतात का, ढोलाचा ठोका शेवटच्या रांगेपर्यंत एकत्र येतो का, ध्वजधारी दमले आहेत का, या खुणा लपत नाहीत.

बहुतेक पथकांचा सराव गणेशोत्सवाच्या साधारण दोन महिने आधी सुरू होतो. मात्र चांगल्या पथकांचा पाया त्याआधीच्या महिन्यांत घातला जातो. शिवजयंती, गुढीपाडव्याची शोभायात्रा, लेझीम, मर्दानी खेळ, बंद सभागृहातील छोट्या गटांचा सराव या बिगरहंगामी गोष्टींचा थेट फायदा भाद्रपदात दिसतो. हा फायदा नेमका कसा होतो आणि कोल्हापूरसारख्या पावसाळी शहरात तो जास्त महत्त्वाचा का, हे समजून घेऊ.

पथकात कोण काय करते?

पथकाचे मुख्य वाद्य ढोल. तो कमरेला बांधतात. त्याच्या एका बाजूवर टिपरू पडते, दुसऱ्या बाजूवर हाताची थाप. वाद्याच्या तोंडावर ताणलेल्या पडद्याला ‘पान’ म्हणतात. पूर्वी ते कातड्याचे असे, आता फायबर किंवा प्लॅस्टिकचे पानही सर्रास वापरतात. दोऱ्या ओढून पान ताणले की ढोल ‘आवळला’ जातो आणि स्वर चढतो.

ताशा हे वाटीच्या आकाराचे, गळ्यात अडकवायचे वाद्य. ते दोन बारीक काड्यांनी वाजते. संख्येने ताशे थोडे, पण पथक चालते त्यांच्यावर. कोणता ‘हात’ सुरू करायचा, कधी बदलायचा, लय कधी वाढवायची, याचा इशारा ताशावाला देतो. पथकांच्या भाषेत ‘हात’ म्हणजे ठरवून बसवलेला वादनाचा नमुना. टोल आणि झांजा मात्रा धरून ठेवतात. पुढे ध्वज पथक असते. भगवा ध्वज लयीत नाचवणे हे वादनाइतकेच मेहनतीचे काम आहे.

यातल्या प्रत्येक कामाला शिकण्याचा वेळ वेगवेगळा लागतो. ढोलाचे सोपे हात नवख्या मुलाला काही आठवड्यांत जमतात. ताशाला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण दोन्ही हातांचा वेग आणि वजन समान करावे लागते. म्हणून पथकात ढोल वाजवणारे भरपूर मिळतात, पण ताशावादकांची कायम चणचण असते. दोन महिन्यांच्या सरावात ही चणचण भरून निघत नाही. ती भरून काढायची तर दिवाळीनंतरच सुरुवात करावी लागते.

अमेरिकेतील ड्रम कोअर काय करतात?

हाच प्रश्न अमेरिकेतील ‘ड्रम कोअर’ नावाच्या तरुणांच्या पथकांपुढे होता. पितळी वाद्ये, ढोल आणि झेंडे नाचवणारा गट अशी या पथकांची रचना असते. फुटबॉलच्या मोठ्या मैदानावर चालत, आकृत्या बदलत ती सादरीकरण करतात. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांच्या आश्रयाने ही परंपरा वाढली. १९७१ मध्ये ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन झाली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. या स्पर्धांचा हंगाम उन्हाळ्याचा. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत पथके बसमधून गावोगाव फिरतात.

उरलेल्या काळात काय करायचे? तिथे हिवाळ्यात मैदानावर बर्फ असतो. त्यामुळे पथकातील झेंडेवाले आणि ढोलवाले शाळांच्या व्यायामशाळांमध्ये, बास्केटबॉलच्या मैदानाएवढ्या जागेत सराव करू लागले. त्यातून दोन स्वतंत्र प्रकार उभे राहिले. झेंडे, लाकडी बंदुका आणि तलवारी लयीत फिरवणाऱ्या गटाला ‘विंटर गार्ड’ म्हणतात, तर बंद जागेत वाजवणाऱ्या तालवाद्यांच्या गटाला ‘इनडोअर ड्रमलाइन’. १९७७ मध्ये ‘विंटर गार्ड इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन झाली. १९९० च्या दशकात तालवाद्यांच्या गटांनाही तिच्या स्पर्धांत जागा मिळाली. या स्पर्धांची अंतिम फेरी एप्रिलमध्ये होते आणि ओहायो राज्यातील डेटन हे शहर तिच्यासाठी ओळखले जाते.

हिवाळ्यातील स्पर्धा संपताच तीच मुले उन्हाळी पथकांत दाखल होतात. हात चालू असतात, एकमेकांकडे पाहून वाजवण्याची सवय झालेली असते, प्रेक्षकांसमोर उभे राहण्याची भीती गेलेली असते. त्यामुळे उन्हाळी पथकाच्या शिक्षकांना काडी कशी धरायची इथपासून सुरुवात करावी लागत नाही. काही उन्हाळी पथके स्वतःचेच हिवाळी गटही चालवतात. ड्रम कोअरमध्ये साधारण बाविशीपर्यंतच्याच तरुणांना प्रवेश असल्याने अनुभवी वादक दरवर्षी बाहेर पडतात. त्यांची जागा घेणारे नवे हात हिवाळ्यातच तयार होतात.

कोल्हापुरात बर्फ नाही, पाऊस आहे

महाराष्ट्रातील पथकांची अडचण उलटी आहे. अमेरिकेत वाईट हवामान हंगामाच्या बरेच आधी येऊन जाते. कोल्हापुरात ते हंगामाच्या अगदी तोंडावर येते. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला. आधीचे दोन महिने म्हणजे जुलै आणि ऑगस्ट, ऐन पावसाळा. ज्या काळात पथकाला मोकळे मैदान हवे असते, त्याच काळात मैदानावर चिखल असतो.

शाहूपुरीसाठी हा प्रश्न आणखी गंभीर होतो. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या काळात ही व्यापारपेठ वसवली गेली. गुळाच्या बाजारपेठेमुळे ती नावारूपाला आली. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, दुकाने, गोदामे आणि घरे अशी तिची दाट वस्ती आहे. शे-दीडशे वादकांनी रांगा करून उभे राहावे एवढी मोकळी जागा अशा पेठेत सहज मिळत नाही. त्यात पंचगंगेचा पूर. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. अशा वेळी जयंती नाल्यातून पाणी मागे येते आणि शाहूपुरीच्या सखल भागातही शिरते. २०१९ ची गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. म्हणजे पुराचे पाणी ओसरल्यावर हातात जेमतेम तीन आठवडे उरले होते. त्या वर्षी सगळी भिस्त ऑगस्टच्या सरावावर ठेवणाऱ्या पथकापुढे काय वाढून ठेवले होते, याचा अंदाज यावरून येतो.

पावसाचा परिणाम वाद्यावरही होतो. कातडे हवेतील ओलावा शोषून घेते आणि सैल पडते, त्यामुळे स्वर उतरतो. म्हणूनच हलगीवाले वाजवण्याआधी हलगी विस्तवावर शेकतात. ढोलाचे कातडी पान पावसाळ्यात पुन्हा पुन्हा आवळावे लागते. फायबरच्या पानाला हा त्रास नाही, पण लाकडी खोड आणि दोऱ्यांना ओल लागतेच. थोडक्यात, जुलै-ऑगस्ट हा नवी गोष्ट शिकण्याचा काळ नाही. शिकलेले एकत्र बांधण्याचा तो काळ आहे. शिकणे कोरड्या महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबर ते मे यादरम्यान झालेले असावे लागते.

लहान गट, लहान जागा: वादन कसे सुधारते?

पन्नास ढोल एकदम वाजत असताना एखाद्याचा ठोका चुकला तर तो त्यालाही ऐकू येत नाही. सहा जणांच्या गटात तो लगेच उघडा पडतो. छोट्या गटातील सरावाचा हा पहिला फायदा. चूक दिसते, म्हणून दुरुस्त होते.

दुसरा फायदा समजण्यासाठी थोडे विज्ञान पाहावे लागेल. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. मिरवणुकीत पथक ४० मीटर लांब पसरले आहे असे धरू. पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला सुमारे ०.१२ सेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. ताशावाला एका मात्रेत चार काड्या वाजवत असेल तर दोन काड्यांमधले अंतर ०.१२५ सेकंद. म्हणजे शेवटच्या रांगेतला वादक पुढचा ताशा फक्त कानाने ऐकून वाजवत राहिला, तर तो जवळजवळ एक काडी मागे पडतो. त्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून परत येणारा आवाज मिसळतो आणि गोंधळ वाढतो.

यावर उपाय एकच: मागच्यांनी कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवायचा. पथकप्रमुखाचा हात, टोलाचा ठोका किंवा पुढच्या ढोलाचे टिपरू पाहून वाजवायचे. ही सवय मिरवणुकीत लागत नाही. पंधरा मीटर लांबीच्या सभागृहात आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ०.०५ सेकंदापेक्षा कमी वेळात पोहोचतो. तिथे आधी सगळ्यांना एकत्र वाजण्याचा अर्थ कळतो. मग हळूहळू अंतर वाढवत, पाहून वाजवण्याचा सराव करता येतो.

तिसरा फायदा हळू वाजवण्याचा. जोरात वाजवताना हातातील कच्चेपणा झाकला जातो. जुन्या टायरवर किंवा लाकडी पाटावर काड्या चालवताना दोन्ही हातांचा आवाज सारखा येतो की नाही, हे लगेच कळते. अमेरिकेतील ढोलवादक यासाठी रबरी पॅड वापरतात. शेजाऱ्यांना त्रास न देता घरातच रोज वीस-पंचवीस मिनिटे असा सराव होऊ शकतो. ताशाच्या काडीची पकड, मनगटाची लवचीकता आणि समान वेग या तिन्ही गोष्टी अशा शांत सरावातच पक्क्या होतात.

मर्दानी खेळ, लेझीम आणि ध्वज

अमेरिकेतील विंटर गार्डमध्ये झेंडे आणि तलवारी फिरवण्याचे कसब लागते. कोल्हापूरला त्यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. इथल्या तालमी आणि आखाड्यांत मर्दानी खेळाची जुनी परंपरा आहे. लाठी, दांडपट्टा, तलवार-ढाल, फरी-गदका हे प्रकार हलगीच्या ठेक्यावर शिकवले जातात. लाठी फिरवताना मनगट, खांदा आणि पायांचा पवित्रा एकाच लयीत चालावा लागतो. जड ध्वज तासन्‌तास नाचवणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

ध्वज नाचवताना सगळ्यात जास्त ताण खांद्यावर आणि कमरेवर येतो. वारा असेल तर कापड काठीला मागे खेचते. नवखा ध्वजधारी फक्त दंडाच्या जोरावर ध्वज पेलतो आणि लवकर थकतो. लाठीचा सराव केलेला पाय रोवून, कमरेतून वजन फिरवतो. उन्हाळी सुट्टीत मर्दानी खेळाच्या शिबिराला गेलेली मुले-मुली पथकात आली की हा फरक चटकन दिसतो.

लेझीमचेही तसेच. लेझीम खेळताना हातात वाद्य, पायात पवित्रा आणि शेजाऱ्याबरोबर रांग, ही तिन्ही अवधाने एकाच वेळी सांभाळावी लागतात. पथकातही वादकाला वाजवता वाजवता पुढे सरकायचे, थांबायचे, वळायचे असते. महाराष्ट्रातील अनेक शाळांत लेझीम शिकवली जाते. त्यामुळे ती येणारी मुले पथकाला आयतीच मिळतात. पथकाने त्यांना हेरून जूनच्या आधी सोबत घेतले तर अर्धे काम होते.

बारमाही वाजवणारे लोक

बिगरहंगाम हा शब्द हौशी पथकांचा आहे. हलगी, घुमकं आणि कैताळ वाजवणाऱ्या व्यावसायिक कलाकारांना तो लागू होत नाही. कोल्हापुरात कुस्तीचे मैदान असो, मर्दानी खेळ असो, गावची जत्रा असो किंवा लग्नाची वरात, त्यांची हलगी वर्षभर वाजते. चैत्र पौर्णिमेच्या जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात तेव्हाही वाद्यांची साथ असतेच. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत धनगरी ढोलांचा गजर होतो.

या कलाकारांना ठेका धरून ठेवणे, गर्दीचा अंदाज घेऊन लय वाढवणे, समोरचा पैलवान किंवा खेळाडू पाहून वाजवणे, हे अनुभवातून जमलेले असते. हौशी पथकातील मुलांना यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एखाद्या हलगीवादकाला हिवाळ्यात काही आठवडे शिकवायला बोलावले तर मुलांना ठेक्याची समज येते आणि त्या कलाकाराला उत्पन्न मिळते. असे बोलावताना मानधन आधी ठरवणे आणि कार्यक्रमात त्याचे नाव घेणे, एवढी साधी गोष्ट पाळली गेली पाहिजे. अनेक पिढ्यांनी जपलेली ही विद्या फुकट मिळण्याची अपेक्षा योग्य नाही.

शिवजयंती आणि पाडवा: हंगामाची रंगीत तालीम

सराव कितीही केला तरी गर्दीसमोर वाजवण्याची सवय गर्दीसमोरच होते. इथे वर्षाच्या पूर्वार्धातील सण कामी येतात. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, गुढीपाडवा, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आणि वैशाखात परंपरेनुसार साजरी होणारी शिवजयंती, असे ओळीने प्रसंग येतात. वैशाखातील शिवजयंतीची परंपरा कोल्हापूरच्या पेठांनी जपली आहे. ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेक दिन असतो. मर्दानी खेळाच्या पथकांना त्यात मानाचे स्थान असते.

पाडव्याच्या शोभायात्रांचा इतिहास त्या मानाने नवा आहे. १९९९ मध्ये डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. पुढे ठाणे, गिरगाव आणि राज्यभर ही कल्पना पसरली. त्यामुळे ढोल-ताशा पथकांना वर्षात आणखी एक मोठा मुक्काम मिळाला. पाडवा ते गणेश चतुर्थी हे अंतर २०२४ मध्ये १५१ दिवसांचे होते आणि २०२५ मध्ये १५० दिवसांचे. अधिक महिना मध्ये आला की ते वाढते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ते १८१ दिवस झाले.

हे पाच-सहा महिने दोन कामांना पुरतात. पाडव्याला काय चुकले ते शोधणे आणि चुकलेले दुरुस्त करणे. कोणता हात पेलवला नाही, कोणाची लय सुटली, किती वादक शेवटपर्यंत टिकले, किती पाने फुटली, याची नोंद पाडव्यानंतर लगेच केली तर जूनमध्ये काय करायचे ते आपोआप ठरते. चतुर्थीच्या दिवशी लक्षात आलेली चूक सुधारायला मात्र पुढचे वर्ष उजाडते.

शरीर आणि कान

बैठे काम किंवा अभ्यास करणारा तरुण एकदम जुलैत ढोल कमरेला बांधून रोज दोन-तीन तास वाजवू लागला तर मनगट, खांदा आणि पाठ दुखू लागतात. तळहाताला फोड येतात. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, पण स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना ताणाची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणून ताण हळूहळू वाढवणे हाच खरा उपाय. आठवड्यातून दोन दिवस, अर्ध्या-पाऊण तासापासून सुरुवात करून सहा महिन्यांत वेळ वाढवत नेला तर दुखापतीची शक्यता कमी होते.

कानांचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा एक प्रचलित निकष असा आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. ताशाच्या शेजारी उभ्या असलेल्या वादकाने सरावातही कानात बोळे घालावेत ते यासाठीच. पॅडवरील किंवा टायरवरील सरावाने वर्षभरात कानांवर पडणारा एकूण आवाज बराच कमी होतो. कानात शिट्टीसारखा आवाज येत राहिला किंवा ऐकू कमी येऊ लागले तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

आवाजाचे नियम आणि ३० जणांचा प्रश्न

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. व्यापारी भागासाठी ती ६५ आणि ५५ आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागी वाद्ये आणि ध्वनिक्षेपक वाजवण्यावर निर्बंध आहेत. सणांसाठी राज्य सरकार वर्षातील काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण अशा दिवसांची संख्या १५ पेक्षा जास्त असू शकत नाही. ही सवलत उत्सवासाठी आहे. दोन महिने रोज संध्याकाळी चालणाऱ्या सरावाला ती लागू होत नाही.

२०२४ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातील खंडपीठाने ३० ऑगस्टला दिलेल्या आदेशात पुण्यातील ढोल-ताशा पथकांच्या सदस्यांची संख्या ३० पर्यंत मर्यादित केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबरला या अटीला स्थगिती दिली. पथकांना दिलासा मिळाला, पण प्रश्न राहिलाच. उद्या एखाद्या शहरात संख्येवर मर्यादा आलीच तर शंभर ढोलांच्या दणक्यावर अवलंबून असलेल्या पथकाकडे काय उरेल? तीस जणांत रंग भरायचा तर प्रत्येकाचा हात तयार हवा. छोट्या गटांत सराव केलेले पथक या परिस्थितीतही उभे राहील.

कोल्हापुरात आणखी एक बाजू आहे. मिरवणुकीतील मोठ्या ध्वनियंत्रणेला इथे सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. डॉल्बीऐवजी पारंपरिक वाद्ये वापरा, असे आवाहन प्रशासन आणि सामाजिक संस्था दरवर्षी करतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांना ते पटायचे तर पारंपरिक पथकही तितकेच रंगतदार असावे लागते. अर्धवट तयारीचे पथक अर्ध्या तासात थकले तर पुढच्या वर्षी पुन्हा डॉल्बीची मागणी होते.

माणसे टिकवणे आणि खर्च

पथकातील बहुतेक सदस्य विद्यार्थी किंवा नुकतीच नोकरी लागलेले तरुण असतात. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. पदवीच्या परीक्षाही वसंतात आणि दिवाळीच्या आसपास असतात. त्यामुळे बिगरहंगामी सराव सक्तीचा करून चालत नाही. आठवड्यातून एखादा रविवार, परीक्षेच्या काळात सुट्टी आणि मे महिन्यात नव्यांसाठी शिबिर, अशी आखणी केली तर पालकांचाही विरोध राहत नाही.

फक्त दोन महिने भेटणारा गट उत्सवानंतर पांगतो आणि दरवर्षी नव्याने नोंदणी करावी लागते. वर्षभर अधूनमधून भेटणारा गट टिकतो. कोल्हापूरच्या तालमींनी हे फार पूर्वी ओळखले आहे. उत्सवात मंडप घालणारी तीच पोरे हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या फुटबॉल संघामागे उभी असतात. एक गोष्ट संपली की दुसरी सुरू होते, त्यामुळे माणसे एकत्र राहतात.

पैशांचा विचार केला तरी बिगरहंगाम उपयोगी पडतो. पाडवा आणि शिवजयंतीच्या सुपाऱ्यांतून आलेल्या पैशात पाने, दोऱ्या आणि काड्यांची खरेदी जूनपूर्वी होऊ शकते. वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे श्रावणात गर्दी असते. तेच काम जानेवारीत दिले तर निवांत आणि नीट होते.

वर्षाची आखणी कशी असावी?

कोल्हापूरच्या हवामानाचा विचार करून पथकाला वर्षाचे चार टप्पे पाडता येतात. अनंत चतुर्दशीनंतर महिनाभर विश्रांती आणि वाद्यांची देखभाल. ढोलाच्या दोऱ्या सैल करायच्या, कातडी पाने कोरडी करून ठेवायची, फुटलेल्यांची यादी करायची. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत छोट्या गटांचा शांत सराव, त्यात ताशाला सर्वाधिक वेळ. फेब्रुवारी ते मे या काळात शिवजयंती आणि पाडव्याचे कार्यक्रम, मर्दानी खेळ व लेझीम यांची जोड आणि नव्यांचे शिबिर. जूनपासून चतुर्थीपर्यंत पूर्ण पथकाची बांधणी, त्यात पावसाच्या दिवसांसाठी सभागृह किंवा छताखालची जागा आधीच ठरवलेली.

ही आखणी प्रत्येक पथकाला पूर्णपणे झेपेल असे नाही. सभागृहाचे भाडे असते, शिकवणारे सगळीकडे मिळत नाहीत आणि वर्षभर सराव म्हटले की हौशी मुलांना ओझे वाटू शकते. अशा पथकाने निदान ताशावाल्यांचा आणि ध्वजधारींचा छोटा गट तरी दिवाळीनंतर सुरू ठेवावा. या दहा-बारा जणांचे हात तयार असले तर जूनमध्ये येणाऱ्या नव्या ढोलवाल्यांना त्यांच्या मागे उभे करता येते. शाहूपुरीतील मूर्तिकारही भाद्रपदाची वाट पाहत बसत नाहीत. चतुर्थीला मंडपात विराजमान होणाऱ्या मूर्तीचे काम त्यांनी कितीतरी महिने आधी हातात घेतलेले असते.